ब्रिटाचा थांबा

लायल क्वामचं म्हणणं एकच होतं: तिथे कुणी नव्हतं. ऑक्टोबरच्या त्या सकाळी धुकं होतं हे खरं. त्याला उशीर झाला होता हेही खरं. शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत, बाजूची ‘थांबा’ची पाटी बाहेर काढून उभी होती, हे तर बसच्या कॅमेऱ्यातच आलं होतं. पण रस्त्यावर मूल नव्हतं, आणि मूल यावं असं घरही जवळपास नव्हतं. दोन्हीकडे बीट काढून नेलेली काळी शेतं, एक गंजकी टपालपेटी आणि रस्त्याखालची मोरी. अशा ठिकाणी बस कुणासाठी थांबेल? बंद पडली असेल, असं मनाशी म्हणत त्याने दुधाचा टँकर शेजारून काढला आणि तो चीजच्या कारखान्याकडे निघून गेला.

कोर्टात त्याने हेच सांगितलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मान खाली घालून चूक झाली म्हणाला असता, तर थोडक्यात सुटला असता. पण लायलला पहिल्यापासून तोंडाची खुमखुमी. जिथे माणूसच नाही तिथे मी थांबायचं कुणासाठी, असं त्याने न्यायाधीशबाईंना विचारलं, आणि कोर्टात बसलेली सगळी माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली. आमच्या मिनेसोटात माणसं रागावली की ओरडत नाहीत, बुटांकडे बघतात. लायल बारा वर्षं लांब पल्ल्याच्या ट्रकवर टेक्सास-ओरेगॉन करत होता, या उन्हाळ्यातच परतला होता. आपल्याच लोकांची ही खोड तो विसरून गेला होता.

बस चालवणाऱ्या अर्डिसबाई हॉगे तेवढ्या वर बघत होत्या. सदुसष्ट वर्षांच्या, काठीसारख्या ताठ, आणि बोलायला काटकसरी. लायल स्वतः लहानपणी त्यांच्याच बसने शाळेत गेलेला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “होती.”

मग त्यांनी न्यायाधीशबाईंकडे एक मागणं मागितलं. याचं लायसन्स लगेच काढून घेऊ नका, याला मला द्या. शाळेचे पंधरा दिवस हा माझ्या बसवर येईल, प्रत्येक थांब्यावर उतरेल, मुलाचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून आणेल. रोजच्या रोज मी कागदावर सही करीन. पंधरा सह्या भरल्या तर लायसन्स त्याचं, नाही भरल्या तर तुमचं. न्यायाधीशबाईंनी ते मान्य केलं. लायलला मनात हसू आलं, पण त्याने ते गिळलं. एक्केचाळीस वर्षांचा हा गडी, स्टिअरिंग सोडून दुसरं काही हातात धरायला कधी शिकला नव्हता. लायसन्स गेलं असतं तर तो कोंबड्यांच्या शेडमध्ये शेण उपसायला लागला असता. टँकरचा मालक ग्लेन ऑस्टबी भला माणूस. पंधरा दिवस मी बदली बघतो, सोळाव्या दिवशी तू ये, असं त्याने सांगून टाकलं.

पहिल्या सकाळी डेपोत अर्डिसबाईंनी त्याला केशरी जाकीट दिलं आणि दोनच खुणा शिकवल्या. पंजा उभा धरला की थांब. दोन बोटं उचलली की ये.

“मुलं तुझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात,” त्या म्हणाल्या. “रस्त्यावर असताना हाताने दुसरं काही करायचं नाही. नाक खाजवायचं नाही. कुणाला नमस्कार करायचा नाही.”

हे शेवटचं सोपं नव्हतं. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं आपोआप उचलली जातात. ओळखीचा असो, नसो, वैरी असो. कुणी बोटं उचलली नाहीत, तर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना त्याच्या तब्येतीची चौकशी होते. अर्डिसबाईंनी मात्र नऊ वर्षांत एकदाही बोटं उचलली नव्हती. म्हातारीची मान अकडलीय, असं गाव म्हणायचं. लायललाही तसंच वाटायचं.

पहिले पाच थांबे मजेत गेले. मुलं झोपाळू होती, त्यांचे हात गरम होते, आणि सिग्नी नावाची आठ वर्षांची पोर तर हात सोडायलाच तयार नव्हती. चढल्यावर ती खिडकीशी बसली आणि तू तोच का, टँकरवाला, असं तिने सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं. मग मोरी आली. बस थांबली, पाटी बाहेर गेली, दार उघडलं. इतका वेळ कलकलाट करणारी मुलं चिडीचूप झाली. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट रिकामी होती आणि तिथे कुणी दप्तरसुद्धा ठेवलं नव्हतं, हे लायलच्या आत्ता लक्षात आलं.

“उतर,” अर्डिसबाई म्हणाल्या. “मुलीला आण.”

लायल हसला. उतरला नाही. अर्डिसबाईंनी मिनिटभर वाट पाहिली, पाटी आत घेतली आणि बस पुढे काढली. दुपारी त्याने कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपणही काढलं नाही. आजचा दिवस धरत नाही, सोमवारपासून एक, एवढं सांगून त्या घरी गेल्या.

त्या संध्याकाळी लायल ग्लेनकडे गेला आणि गोठ्याच्या दारात उभं राहून त्याने विचारलं. ग्लेनने आधी हवेबद्दल सांगितलं, मग चाऱ्याबद्दल, आणि मग बुटांकडे बघत उरलेलं. नऊ वर्षांपूर्वी मोरीपलीकडे एक घर होतं. त्या घरातली ब्रिटा सहा वर्षांची होती. बस थांबलेली, पाटी बाहेर, आणि समोरून धान्याचा ट्रक घेऊन येणारा अर्डिसबाईंचा नवरा नॉर्मन. ब्रिटा त्याच्या चाकाखाली गेली. माझं लक्ष नव्हतं, असं त्याने कोर्टात सांगितलं. दुसरं एक अक्षर बोलला नाही, आणि दोन हिवाळ्यांनी मेला. ब्रिटाच्या आईबापांना ती जागा डोळ्यांसमोर नको झाली. त्यांनी अख्खं घरच उचलून चाकांवर घालून दुसऱ्या जिल्ह्यात नेलं. टपालपेटी तेवढी राहिली. अर्डिसबाई तिथे रोज थांबतात, आणि गावातला प्रत्येक माणूस त्यांच्यामागे थांबतो.

“मला कुणी सांगितलं का नाही?” लायलने विचारलं.

“तू विचारलंस कुठे,” ग्लेन म्हणाला.

सोमवारी लायल उतरला. सहीसाठी उतरला, दुसरं कारण नव्हतं. डोकं फिरलेल्या म्हातारीपुढे नाटक करायचं तर करू, असं ठरवून तो रस्ता ओलांडून गेला. टपालपेटीपाशी उभा राहिला आणि डावा हात जरा खाली, मुलाच्या उंचीला धरला. आपण किती मूर्ख दिसतोय याचा तो विचार करत होता. तेवढ्यात त्याच्या तळव्यात काहीतरी आलं. लोकरीचा ओला हातमोजा, आत बारीक बोटं, आणि त्या बोटांना नोव्हेंबरच्या लोखंडासारखा गारठा. त्याने खाली पाहिलं. वाळलेलं गवत होतं. गवतावर दव होतं आणि ते कुठेही मोडलेलं नव्हतं.

तो हात झटकून पळत बसमध्ये आला. बसमधलं एकही मूल हसलं नाही. सिग्नीने पुढे वाकून, गृहपाठाबद्दल विचारावं तसं विचारलं, “आज कुठपर्यंत आली?”

“पेटीपाशी,” लायलच्या तोंडून निघालं.

दुपारी अर्डिसबाईंनी सही केली. पहिली. लायलला त्या रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी अंगात ताप आहे असं सांगावं, असंही त्याच्या मनात आलं. पण ताप सांगितला की सही नाही, सही नाही तर लायसन्स नाही. तो निमूटपणे डेपोत गेला.

माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, ते खोटं नाही. चौथ्या दिवशी त्याने हात झटकला नाही. सहाव्या दिवशी ती त्याच्याबरोबर गवतातून दोन पावलं आली. कधी मध्येच थबकायची, कधी मागे ओढ घ्यायची. तेव्हा लायल ओढत नसे, उभा राही. काय बोलावं हे न सुचून तो तिच्याशी हवेबद्दल बोले. आज वारा उत्तरेचा आहे, शनिवारपर्यंत बर्फ येईल असं रेडिओवर म्हणाले, तसं फार वाईट नाही. उत्तर कधी यायचं नाही, पण बोटं जराशी सैल व्हायची. बसमध्ये परतल्यावर सिग्नी विचारायची, आज कुठपर्यंत, आणि तो सांगायचा: गवताच्या कडेला. खडीवर. खडीच्या मध्यावर. मुलं ते ऐकून माना डोलवायची आणि मग पुन्हा कलकलाट सुरू करायची. मागे थांबलेल्या गाड्यांतून कुणी कधी भोंगा वाजवला नाही.

एकदा त्याने अर्डिसबाईंना विचारलं. लहानपणी म्हणायचा तसंच पुन्हा त्याच्या तोंडी बसलं होतं. “मिसेस हॉगे, तुम्ही स्वतः का नाही उतरत?”

“मुलांनी भरलेली बस सोडून ड्रायव्हरने उतरायचं नसतं,” त्या म्हणाल्या. मग गिअर टाकताना म्हणाल्या, “आणि माझ्या हाताकडे बघून ती येणार नाही.”

रस्त्याच्या कडेला पांढरी पट्टी आहे. तिच्यापलीकडे ब्रिटा पाऊल टाकत नव्हती. अकरावा, बारावा, तेरावा दिवस, पट्टी आली की ती खिळून उभी राहायची, आणि तिचा सगळा हात थरथरायचा. पहिल्यांदा लायलला सहीचा विचार आला नाही. या पोरीला पलीकडे न्यायचंय, बसच्या पायरीवर चढवायचंय, त्या रिकाम्या सीटवर बसवायचंय, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. दुकानात गेला तेव्हा त्याने लहान मुलांचे हातमोजे उचलून पाहिले आणि वेड्यासारखं वाटून परत ठेवले. चौदाव्या दिवशी त्याच्या हातातल्या बोटांनी घट्ट पकड घेतली, आणि ती पट्टीच्या पुढे एक पाऊल आली. एकच. मग दोघंही मागे फिरली. बसमध्ये त्याने ते सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मोठी मुलंसुद्धा उठून उभी राहिली. अर्डिसबाईंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“उद्या रस्ता,” त्या म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, सगळं पांढरं होतं. बर्फ अजून पडला नव्हता, पण दव गोठून तारांवर, गवतावर, पेटीवर चढलं होतं. सिग्नीने आपल्या बाहीने ती रिकामी सीट पुसून ठेवली होती. लायल उतरला, पलीकडे गेला, आणि हात धरायच्या आतच हात आला. गवत, खडी, पट्टी. पट्टीवर ती थांबली नाही. एक पाऊल, दोन पावलं. आता त्यांच्या पायाखाली डांबर होतं आणि समोर, अर्ध्या रस्त्यापलीकडे, बसचं नाक. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

समोरून एक पिकअप आली आणि पाटीपासून चांगली वीस पावलं अलीकडे नीट थांबली. ग्लेन होता. त्याने लायलला पाहिलं, ओळखीचं हसला आणि स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली.

लायलने मोकळ्या हाताची दोन बोटं उचलली.

त्याने ठरवून काही केलं नाही. एक्केचाळीस वर्षं जे हाताला माहीत होतं ते हाताने केलं. त्याच क्षणी डाव्या मुठीतला हातमोजा सुळकन निसटला. ‘ये’ची खूण झाली होती, आणि ब्रिटा धावली होती. तिकडे ग्लेनला वाटलं, लायल त्याला जा म्हणतोय. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला आणि पिकअप हळूच पुढे सरकली.

आवाज फार मोठा झाला नाही. कपाटाचं दार लावल्यावर होतो तेवढाच. पण तो लायलने ऐकला, आणि बसच्या खिडक्यांना लागलेल्या सगळ्या तोंडांनी ऐकला. लायल दोन्ही हात पसरून गाडीच्या पुढ्यात पडला. गाडीखाली बघितलं, चाकांमागे बघितलं, डांबरावर हात फिरवला. काही नव्हतं. ग्लेन घाबरून खाली उतरला.

“काय झालं रे? तूच तर हात केलास,” तो म्हणाला.

अर्डिसबाई स्टिअरिंगमागे डोळे मिटून बसल्या होत्या. त्या सकाळी बसमधून कुणी काही विचारलं नाही.

मुलं शाळेत उतरल्यावर डेपोत त्यांनी गाडी बंद केली, पण त्या जागेवरून उठल्या नाहीत. लायल पायरीवर बसून रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

“त्या दिवशी नॉर्मन थांबला होता,” अर्डिसबाई म्हणाल्या. “नीट थांबला होता. सकाळी आमचं जरा वाजलं होतं, अंडी करपली म्हणून. समोर तो दिसला आणि मी दोन बोटं उचलली. जाऊ दे, विसर, म्हणून. त्याला वाटलं मी त्याला जा म्हणतेय. तिला वाटलं मी तिला ये म्हणतेय. दोघंही माझं ऐकून निघाले.”

लायलने बाहीने तोंड पुसलं.

“कोर्टात म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. घरीसुद्धा त्याने मला कधी बोल लावला नाही. जेवताना मीठ मागायचा, तेवढंच. दोन वर्षं मी मीठ दिलं आणि गप्प बसले.” त्यांनी पेन काढलं. “आण तो कागद.”

“नको, मिसेस हॉगे.”

“आण. कोर्टाला तू रस्त्यात उभं राहायला हवा होतास. राहिलास.”

त्यांनी पंधरावी सही केली. दुपारी न्यायाधीशबाईंच्या कारकुनाने कागद घेतला, शिक्का मारला, आणि लायलचं लायसन्स लायलचं राहिलं. ग्लेनने फोन करून सोमवारी सहाला ये म्हणून सांगितलं. सहाला टँकर काढायचा म्हणजे सव्वासातला तो मोरीच्या पलीकडे वीस मैलांवर असणार. दुपारची पाळी मिळेल का, असं लायलने विचारलं. गायी सकाळी दूध देतात रे, ग्लेन म्हणाला, आणि ते खरंच होतं. लायल म्हणाला, मग दुसरा माणूस बघ. पंधरा दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते लायसन्स खिशात घालून तो सोमवारी पहाटे डेपोत गेला. अर्डिसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने केशरी जाकीट पुढे केलं.

मोरीपाशी तो पेटीजवळ जाऊन उभा राहिला आणि हात खाली धरला. कुणी आलं नाही. मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी बर्फ पडत होता. त्याने हातातला मोजा काढून उघडा तळवा पुढे केला आणि बोटं निळी होईपर्यंत तसाच उभा राहिला. वारा उत्तरेचाच आहे असं सांगितलं, चुकलं माझं असंही सांगितलं. बसमध्ये परतल्यावर कुठपर्यंत आली, असं कुणी विचारलं नाही. लायलला वाटलं, संपलं. त्या एका खुणेने ती कायमची गेली. तसं असेल तर निदान तिला पुन्हा थंडीत उभं राहावं लागणार नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. गुरुवारी, वाट बघून झाल्यावर, तो परत फिरायला लागला. तेवढ्यात सिग्नीने बसची खिडकी खाली केली.

“ती तिथेच आहे,” ती म्हणाली.

“कुठे?”

“तुझ्या बाजूला. शुक्रवारपासून आम्हाला दिसतेय. रोज असते.” सिग्नीने थोडं थांबून, मोठ्या माणसाला वाईट वाटू नये अशा बेताने सांगितलं, “तिला यायचंय. पण ती तुझ्या हाताला घाबरते.”

लायलने हात मागे घेतला. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात खोल घातले आणि तो टपालपेटीशेजारी, एका माणसाची जागा सोडून उभा राहिला. अर्डिसबाईंनी दार लावलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यातली एकही हलली नाही.